कुठल्या सशासाठी?

बंगळुरूला बदली होऊन निघालेल्या शेजाऱ्यांनी जाताना दोन ससे आमच्या पदरात टाकले आणि सोबत अर्धं पोतं खाद्य. सशांची नावं बंड्या आणि ठमी. पोत्याला मात्र ना नाव, ना तारीख. सुतळीनं बांधलेलं, आत हिरवट-तपकिरी गोळ्या. "संपलं की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, सुटं देतो तो," वहिनी म्हणाल्या.

दुकानदाराला विचारलं, यात असतं काय? "ताई, सशाचं खाद्य आहे. सगळे हेच नेतात." खोटं काही बोलत नव्हता. पण आपल्याकडे सुटं मिळणारं हे गोळीखाद्य बऱ्याचदा ससेपालनाच्या शेडसाठी बनलेलं असतं. मांसासाठी वाढवलेला न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला तीन महिन्यांत दोन किलोच्या आसपास न्यायचा, तर 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि भरपूर ऊर्जा लागणारच. आमची जोडी पोक्त, दिवसभर सोफ्याखाली पसरलेली. त्यांना वजन वाढवून जायचंय कुठे? अशा सशांना 12 ते 14 टक्के प्रथिनं पुरतात. खाद्य चांगलं की वाईट हे नंतर. आधी ते कुठल्या सशासाठी, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत डोक्यात बसवलं.

तेव्हापासून पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली. पुढच्या बाजूचा गुबगुबीत ससा आणि गाजर यांकडे मी बघतच नाही. (गाजर ही सशाची मिठाई, रोज कुणी देत नाही.) पहिला आकडा तंतुमय पदार्थांचा. तो 18 टक्क्यांच्या खाली असेल तर पाकीट जागेवर ठेवायचं, 20च्या पुढे असेल तर आनंद. मग घटकांची यादी. सुरुवातच मका किंवा गहू अशी असेल तर ते खाद्य धान्याचं, गवताचं नाही. रंगीत दाणे, मक्याचे पोहे, सुकं फळ मिसळलेलं मिश्रण तर नकोच. बंड्यासारखा चोखंदळ प्राणी त्यातलं गोडधोड वेचून खातो आणि कामाचं तेवढं वाटीत ठेवतो.

कॅल्शियमचा मुद्दा मला ठमीमुळे कळला. तिच्या लघवीचे डाग फरशीवर वाळले की खडू कालवून सांडल्यासारखा पांढरा थर दिसायचा. ससा खाण्यातलं कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषून घेतो आणि उरलेलं लघवीतून टाकतो. फार झालं तर मूत्राशयात गाळ साठतो, खडे होतात. लसूणघासात प्रथिनंही भरपूर आणि कॅल्शियमही. म्हणून त्याच्या गोळ्या वाढत्या पिल्लांना आणि पिलं पाजणाऱ्या मादीला ठीक, पोक्त सशाला नाहीत. त्यांच्यासाठी टिमोथी गवताच्या गोळ्या मिळतात. महाग आहेत खऱ्या, पण लागतात किती? वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त 25 ग्रॅम. बंड्या दोन किलोचा, म्हणजे 50 ग्रॅम. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घालते. घरचे हसतात, हसू देत.

नवीन पाकीट आणलं की मूठभर गोळ्या पांढऱ्या बशीत ओतते. तळाशी भुगा फार असेल तर माल जुना किंवा आदळआपट झालेला. वास वाळल्या गवताचा हवा. कुबट किंवा आंबूस आला की परत. दोन गोळ्या पाण्यात भिजवते. गवताची गोळी फुगून सुटते आणि काड्यांचे तुकडे बोटाला लागतात. पिठाळ गोळीची नुसती लापशी होते. शास्त्रीय परीक्षा नव्हे ही, पण लेबलावरच्या गवतात गवत किती, याचा अंदाज येतो.

सुटं खाद्य बंद करण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्याच दुकानात, त्याच मापानं कोंबडीखाद्यही विकलं जातं. कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस होऊ नये म्हणून त्यात घालतात ती काही औषधं, नरासीन त्यातलं एक, सशाला विषारी ठरतात. शिवाय पावसाळ्यात उघड्या पोत्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

गोळी कितीही चांगली असली तरी ती ताटातली चटणी-कोशिंबीर. जेवण म्हणजे गवत. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा घासल्या जातात. गोळी दोन चाव्यांत फुटते, तेवढ्यानं झीज होत नाही. वैरणवाल्याकडून आणलेलं वाळलं मारवेल दोघांपुढे दिवसभर पडलेलं असतं.

खाद्य बदललं ते हळूहळू, जुन्यात नवं मिसळत, दहा-बारा दिवस घेऊन. सशाच्या आतड्यातल्या जिवाणूंना एकदम झालेला बदल सोसत नाही. ठमीनं तक्रार केली नाही. बंड्यानं आधी वाटी उलटी केली, मग सांडलेल्यातल्या जुन्या गोळ्या तेवढ्या वेचल्या. पण भूक लागल्यावर नव्यासुद्धा खाल्ल्या, आणि लेंड्या मोठ्या, कोरड्या, गोल पडू लागल्या. डॉक्टरीणबाईंना मी फोटो पाठवला. त्यांना म्हणे असे फोटो रोज येतात.