गळका नळ आणि हातातला पाना

शाळेची उभारणी, गुरुजनांचे कष्ट आणि माजी विद्यार्थ्यांची वाटचाल यांविषयी या स्मरणिकेत अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही उभयता याच वसतिगृहात वाढलो. आम्हाला मात्र एका साध्या, घरगुती विषयावर लिहावेसे वाटते. तो विषय म्हणजे स्वयंपाकघरातला गळका नळ. विषय लहान असला तरी त्याचा संबंध पाण्याशी आणि श्रमाशी आहे. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या समाजाच्या इतिहासात कधीच लहान नव्हत्या.

आमच्या ओट्यावरच्या सिंकला एका दांड्याचा मिक्सर नळ आहे. दांडा एका बाजूला वळवला की गीझरचे गरम पाणी येते, दुसऱ्या बाजूला वळवला की गार. गेल्या उन्हाळ्यात हा नळ बंद केल्यावरही ठिबकू लागला. सेकंदाला एखादा थेंब, एवढेच. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला तर दिवसाचे सव्वाचार लिटर आणि वर्षाचे दीड हजार लिटरांहून अधिक पाणी होते. आईने असला हिशेब केला नाही. तिने रात्री नळाखाली पातेले ठेवले, आणि सकाळी त्यात जमलेले दीडएक लिटर पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला घातले. पाणी वाया जाताना तिला पाहवत नाही, आणि त्याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. तिचे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. तिची आई गावच्या विहिरीपासून अंतर राखून घागर घेऊन उभी राहत असे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतले जाई. नाही आली तर ओढ्यात झरा उकरावा लागे. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा न्यायालयातला वाद मिटायला १९३७ साल उजाडले. घरातल्या तोटीतून पाणी येणे ही आपल्या कुटुंबांत फार तर दोन-तीन पिढ्यांपूर्वीची गोष्ट आहे. म्हणून त्या थेंबांचा आवाज आम्हालाही स्वस्थ बसू देईना.

नळ दुरुस्त करण्याआधी तो कुठून गळतो हे नीट पाहावे लागते. तोंडातून ठिबकत असेल तर दोष बहुधा आतल्या कार्ट्रिजमध्ये असतो. वळणाऱ्या नळीच्या बुडाशी पाणी येत असेल तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे झिजलेले असते. सिंकखाली ओल दिसली तर जोडनळीचे वायसर तपासावे. जुन्या पितळी नळात सगळा भार एका वायसरवर असे. मिक्सरच्या कार्ट्रिजमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. खालची स्थिर असते, वरची दांड्याबरोबर फिरते. बोअरच्या जड पाण्यातला क्षार किंवा वाळूचा कण त्यांच्यामध्ये अडकला, अथवा बुडाचे रबर कडक झाले, की पाणी वाट काढते. अशा वेळी दांडा जोराने दाबून किंवा टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही. टेप आट्यांसाठी असते. चकतीच्या झिजेवर तिचा इलाज नाही.

आम्ही प्रथम सिंकखालचे दोन्ही अँगल कॉक बंद केले आणि दांडा उघडून नळीत उरलेले पाणी जाऊ दिले. सिंकच्या जाळीवर फडके टाकले, कारण एखादा स्क्रू आत गेला तर सगळे काम अडते. दांड्यावरची लाल-निळी टिकली नखाने काढली. तिच्या आड लपलेला बारीक स्क्रू ॲलन कीने सैल केला, तसा दांडा वर आला. त्याखालची गोल टोपी हाताने फिरली. तिच्या आतली चाकी मात्र पान्यानेच सोडवावी लागली. कार्ट्रिज उचलण्यापूर्वी ते कसे बसले आहे याचा मोबाईलवर फोटो घेतला. बैठकीवर पांढरा थर जमला होता. तो व्हिनेगरच्या फडक्याने पुसून काढला. जुने कार्ट्रिज हार्डवेअरच्या दुकानात सोबत नेले, कारण पस्तीस आणि चाळीस मिलिमीटर अशी दोन मापे सर्रास मिळतात आणि एकाच्या जागी दुसरे बसत नाही. नवे बसवताना त्याच्या बुडाच्या दोन खुंट्या खालच्या भोकांत अचूक बसल्या आहेत ना, हे पाहिले. चाकी घट्ट केली, पण बेताने. शेवटी तोंडावरची जाळी काढून अँगल कॉक सावकाश उघडले, म्हणजे सुटलेला कचरा वाहून जातो. जाळी धुऊन परत लावली. ठिबकणे थांबले होते.

हे काम चालू असताना आई दाराशी उभी होती. आम्ही दोघे ओट्यासमोर गुडघ्यांवर बसलेले, हात ओले, जमिनीवर पाना. ती म्हणाली, “ह्याच्यासाठी शिकलात व्हय रे दोघं? बोलवा की कुणाला तरी.”

या वाक्याने आम्ही बराच वेळ गप्प झालो. त्यात तक्रार नव्हती, भीती होती. आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना वसतिगृहात ठेवले ते हातातले अवजार सुटावे म्हणून. त्यांच्या वाट्याला आलेले काम त्यांनी निवडलेले नव्हते. ते जन्माने लादलेले होते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले, त्याचा अर्थ आईने पुस्तक न वाचता जगून जाणला आहे. तिच्या प्रश्नाला तत्त्वज्ञान सांगून उत्तर देणे उद्धटपणाचे झाले असते. आम्ही एवढेच म्हणालो, “आई, हे काम कुणी सांगितलं म्हणून नाही करत. आपल्या घरचं पाणी आहे.” ती काही बोलली नाही, नवा दांडा मात्र तिने दोन-तीनदा वरखाली करून पाहिला.

लादलेले काम आणि स्वेच्छेने केलेले काम यांतला हा फरक आम्हाला शाळेने शिकवला, असे आता जाणवते. रविवारच्या श्रमदानात झाडणे, हौद घासणे, भांडी विसळणे यांपैकी कोणतेही काम कुणाच्या नावाचे नसे; पाळी सर्वांची येई. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर सुई आणि पाणी गाळण्याचे फडके यांनाही स्थान आहे, हे आम्ही तेव्हा केवळ पाठ केले होते. इतक्या मोजक्या वस्तूंत एक दुरुस्तीसाठी आणि एक पाण्यासाठी असावी, यातले मर्म नळ खोलताना उमगले. आपण वापरतो त्या वस्तूची निगा आपणच राखावी, आणि त्यात जागरूक असावे. अप्पमादाचा हा घरगुती अर्थ म्हणता येईल.

माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. शाळेला देणगी द्यावीच. पण ज्यांच्या हाती वायरिंग, प्लंबिंग, शिवण अशी कला आहे त्यांनी वर्षातून एक दिवस वसतिगृहात येऊन मुलामुलींना ती शिकवावी. दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि विद्यार्थिनीला अँगल कॉक कुठे असतो आणि वायसर कसे बदलावे, हे माहीत असावे. आपल्या भोजनगृहाबाहेर नळांची लांब रांग आहे. शिकायला तेवढी जागा पुरेशी आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे पाना, ॲलन की आणि वायसरची पुडी घेऊन येत आहोत. ज्यांना शक्य असेल त्यांनी यावे. जय भीम, नमो बुद्धाय.