तळ लागतो तेव्हा

आमचे अण्णा शाळेत भूगोल शिकवीत. सुटीत गुहागरच्या किनाऱ्यावर नेले असता लाट का फुटते हे त्यांनी आम्हा भावंडांना एका वाक्यात सांगितले होते : ‘‘तळाशी तिचे पाय अडखळतात, वरचे अंग मात्र वेगात असते, मग ती तोंडावर पडते.’’ अण्णा गेले. ते वाक्य मात्र गेली अठरा वर्षे माझ्या मराठीच्या तासाला राहिले. कवितेत लाट आली की मी ते सांगे, आणि वर्ग खूश होई.

गेल्या वर्षी विज्ञान शाखा सोडून आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, तळ काचेसारखा गुळगुळीत असता, तर लाट फुटलीच नसती का?’’ मी म्हणालो, ‘‘आपण कविता वाचतो आहोत, भौतिकशास्त्र नव्हे.’’ वर्ग हसला. ती खाली बसली. तिचे ते निमूट खाली बसणे मला घरापर्यंत पुरले.

मग वाचू लागलो. भर समुद्रात लाटेखालचे पाणी पुढे वाहत नाही, जागच्या जागी वर्तुळे घेते. खोलीबरोबर ती वर्तुळे लहान होत जातात आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर जवळजवळ विरतात. आठ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात सुमारे १०० मीटर लांब असते. तिला तळाची चाहूल लागते ती ५० मीटर खोलीच्या आसपास. पुढे उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवरच ठरतो : १० मीटरला सेकंदाला सुमारे १० मीटर, अडीच मीटरला त्याच्या निम्मा. पुढच्या लाटा मंदावतात, मागच्या जवळ येतात, उंची वाढते. माथ्याखाली पाणी अधिक खोल असते, म्हणून माथा पायथ्याला गाठतो आणि कोसळतो. यात घर्षणाचे काम फारच थोडे. तळ काचेचा असता तरी लाट फुटलीच असती.

मग घर्षण करते काय? ते लाटेला पाडत नाही, झिजवते. तळाशी पाण्याची वर्तुळे चपटी होऊन नुसती ये-जा उरते. ती वाळूला घासते, तिच्या वळ्या पाडते, आणि त्या वळ्या पुढच्या लाटेची ऊर्जा आणखी खातात. रुंद, उथळ समुद्रावर ही झीज मैलोगणती चालते. केरळात आलप्पुळाच्या बाजूला पावसाळ्यात ‘चाकरा’ येतो. तेथे तळाचा मऊ चिखलच लाटेबरोबर हलतो, आणि त्या हलण्यात तिचे बळ जिरते. आजूबाजूला समुद्र खवळलेला असताना तेवढ्या पट्ट्यात कोळी होड्या लोटतात.

पुढच्या तासाला मी प्रथम त्या मुलीची क्षमा मागितली, मग हे सारे फळ्यावर मांडले. अण्णांचे वाक्य चूक ठरवताना आवाज थोडा कापला. ते असते तर रागावले असते का, याचा विचार मी पुष्कळ केला. वर्गात कोणी उलट प्रश्न विचारला की अण्णा खडू खाली ठेवून, ‘‘थांब, बघून सांगतो,’’ म्हणत. त्यांचे लाटेचे वाक्य मी इतकी वर्षे जपले. हे दुसरे मात्र त्या दिवसापर्यंत एकदाही उच्चारले नव्हते.