हप्त्याआड लपलेला विमा

हॅरो, लंडन

प्रिय दादा,

पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, बोलीभाषेत पीपीआय, हा कर्जाच्या हप्त्यांचा विमा. कर्जदाराची नोकरी गेली, अपघात झाला किंवा दुखणे लांबले, तर ठरावीक काळापर्यंत, बहुधा वर्षभर, त्याचे हप्ते विमा कंपनीने भरायचे, अशी ही योजना. कल्पना चांगलीच होती आणि काही कुटुंबांना तिने खरोखर आधारही दिला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून असा विमा विकला जात होता, पण १९९० ते २०१० या वीस वर्षांत त्याचे पेव फुटले. वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, दुकानाचे कार्ड, गाडीचे कर्ज अशा प्रत्येक व्यवहाराला तो जोडला गेला. एकूण सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या. एवढ्या सगळ्या पॉलिसी लोकांनी विचारपूर्वक घेतल्या असतील, असे मानायला कोणताही आधार नाही.

विक्रीत जे घडले त्याला इथे ‘मिस-सेलिंग’ म्हणतात. सरळ मराठीत सांगायचे तर विमा गळ्यात मारला गेला. कुणाला सांगितले की विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही. कुणाच्या अर्जावर विम्याच्या चौकटीत आधीच खूण केलेली होती. अनेकांना तर आपण विमा घेतला आहे हेच ठाऊक नव्हते, कारण हप्त्याचा एकच आकडा सांगितला जाई आणि विमा त्यातच मिसळलेला असे. याहून वाईट गोष्ट अशी, की ज्यांना या विम्याचा दावा करताच आला नसता, त्यांनाही तो विकला गेला. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना आणि निवृत्त माणसांना बेकारीच्या कलमाचा उपयोग फारसा नव्हता किंवा मुळीच नव्हता. आधीपासून दुखणे असलेल्याला त्याच दुखण्यासाठी पैसे मिळत नसत. या अटी छापील कागदावर होत्या, पण काउंटरपलीकडचा माणूस त्या वाचून दाखवत नव्हता. त्याचे लक्ष विक्रीच्या उद्दिष्टावर आणि त्यातून मिळणाऱ्या बोनसवर होते.

सर्वात महाग पडला तो ‘सिंगल प्रीमियम’चा प्रकार. त्याचा हिशेब आकड्यांत मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, दरसाल १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी १०,००० पौंडांचे कर्ज घेतले. विम्याचा पाच वर्षांचा प्रीमियम २,००० पौंड. तो ग्राहकाकडून रोख घेतला जात नसे, कर्जातच मिळवला जाई. म्हणजे कर्ज झाले १२,००० पौंडांचे, आणि विम्याच्या रकमेवरही पाच वर्षे व्याज चढत राहिले. नुसत्या कर्जाचा हप्ता महिना २१२ पौंडांच्या आसपास बसला असता, तो २५५ झाला. साठ हप्त्यांत २,००० चा विमा सुमारे २,५५० ला पडला. लांब मुदतीच्या कर्जात तर विमा पाच वर्षांत संपे आणि त्याच्या प्रीमियमवरचे व्याज त्यानंतरही वर्षानुवर्षे भरावे लागे. जे संरक्षण उरलेलेच नाही, त्याचे पैसे माणूस मुकाट्याने भरत राही.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या धर्मादाय संस्थेने. सप्टेंबर २००५ मध्ये तिने ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी नियामकाकडे ‘सुपर-कंप्लेंट’ केली. ग्राहकांच्या मोठ्या समूहाच्या वतीने ठरावीक संस्थांनाच अशी तक्रार करता येते. २००७ मध्ये प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेले. वित्तीय नियामक एफएसएने दंड करायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये वैयक्तिक कर्जावरचा सिंगल प्रीमियम विमा बंद पडला. मात्र नवी विक्री थांबली म्हणजे जुने पैसे परत आले असे नव्हे. त्यासाठी एफएसएने ऑगस्ट २०१० मध्ये नियम जाहीर केले. ग्राहकाशी न्याय्य वागण्याच्या तत्त्वावर जुन्या तक्रारींचाही निवाडा करावा, आणि वारंवार दिसणाऱ्या चुकांची झळ ज्यांना लागली असेल, पण ज्यांनी तक्रार केलेली नाही, त्यांचाही विचार करावा, असा त्यांचा आशय होता. बँकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. २० एप्रिल २०११ ला उच्च न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. पंधरा दिवसांत लॉइड्स बँकेने लढाई सोडली आणि परतफेडीसाठी ३.२ अब्ज पौंड बाजूला काढले. मग बाकीच्यांनीही अपिलाचा नाद सोडला. लॉइड्सचा पुढचा एकूण खर्च जवळपास २२ अब्ज पौंडांवर गेला. सगळ्या बँका आणि कर्जकंपन्या मिळून २०११ पासून ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक परत मिळाले.

पैसे मागण्याची पद्धत साधी होती, आणि ती साधी आहे हे लोकांना वेळेवर कळले नाही, हे या प्रकरणातले मोठे दुःख आहे. ग्राहकाने बँकेला तक्रारीचे पत्र लिहायचे. त्यात खाते क्रमांक, कर्जाची तारीख, त्या वेळची नोकरी, प्रकृती, मालकाकडून आजारपणात मिळणारा पगार आणि विकताना काय सांगितले गेले, एवढे हवे. जुने कागद नसतील तर बँकेजवळ असलेली स्वतःची माहिती मागवता येत होती. मे २०१८ पर्यंत त्याला १० पौंड लागत, नंतर ती विनामूल्य झाली. बँकेला उत्तरासाठी आठ आठवडे. उत्तर पटले नाही, तर सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिस या तक्रार-निवारण संस्थेकडे जायचे. तिथे ग्राहकाला एक पेनीही लागत नाही, आणि ग्राहकाने स्वीकारलेला निर्णय बँकेवर बंधनकारक असतो. ब्रिटनमध्ये काही वर्षे नोकरी करून मायदेशी परतलेल्यांनाही हा रस्ता खुला होता.

तरीही लाखो लोक दाव्याची कामे करून देणाऱ्या कंपन्यांकडे वळले. त्यांनी बेसुमार फोन केले, निरोप पाठवले, आणि मिळालेल्या रकमेचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त, वर व्हॅट, कापून घेतला. एका पत्राचे हे मोल होते. २०१८ च्या कायद्याने त्यांच्या मोबदल्यावर २० टक्क्यांची मर्यादा आली, पण तोवर उशीर झाला होता.

तक्रार मान्य झाली की ग्राहकाला मुळात विमा घेतलाच नसता तर तो जिथे असता, तिथे त्याला आणून ठेवायचे, हे परताव्याचे सूत्र. वरच्या उदाहरणातले हप्ते २००३ ते २००७ या काळात भरले आणि परतावा २०१२ च्या अखेरीस मिळाला असे धरू. आधी विम्यापायी गेलेले २,५५० पौंड परत. शिवाय प्रत्येक हप्ता भरल्या दिवसापासून दरसाल ८ टक्के सरळव्याज, म्हणजे सुमारे १,५२० पौंड. एकूण ४,००० पौंडांच्या वर. एका साध्या कर्जामागे एवढी रक्कम निघते, यावरून एकूण लुटीची खोली समजते.

दुसरे वळण आले ते कमिशनमुळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेविन विरुद्ध पॅरागॉन पर्सनल फायनान्स हा निकाल दिला. या प्रकरणात ५,७८० पौंडांच्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के रक्कम कमिशनमध्ये गेली होती, आणि ग्राहकाला त्याची कल्पना दिलेली नव्हती. विमा सक्तीचा आहे असे कुणी म्हटले नसेल, विमा उपयोगाचाही असेल, तरी इतके मोठे कमिशन लपवल्याने कर्जदार आणि सावकार यांच्यातले नाते अन्याय्य ठरते, असे न्यायालयाने म्हटले. या एका निकालाने तक्रारीचा पायाच रुंद झाला. आता काय खोटे सांगितले, याइतकेच काय सांगितलेच नाही, यालाही वजन आले. त्यावरून नवा नियामक एफसीएने नियम केला की ५० टक्क्यांवरचे न सांगितलेले कमिशन ग्राहकाला परत द्यावे. कमिशन ६७ टक्के असेल तर प्रीमियमचे १७ टक्के आणि त्यावरचे व्याज.

बँकांकडे तक्रार करण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरली. तिच्या प्रचारासाठी बँकांच्याच पैशातून जाहिराती झाल्या आणि त्यांत अरनॉल्ड श्वार्झनेगरचे यांत्रिक मुंडके लोकांना ओरडून ‘निर्णय घ्या’ म्हणत असे. अखेरच्या आठवड्यांत तक्रारींचा पूर लोटला. त्यानंतर बँक किंवा ओम्बुड्समनकडे जाण्याचा मार्ग, अपवादात्मक परिस्थिती वगळता, बंद झाला.

न्यायालयाचे दार मात्र पूर्ण मिटले नाही. इंग्लंडमध्ये दाव्याची मुदत साधारण सहा वर्षांची. पण १५ नोव्हेंबर २०२३ रोजी कॅनडा स्क्वेअर विरुद्ध पॉटर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की बँकेने कमिशनची गोष्ट जाणूनबुजून दडवून ठेवली असेल, तर ती ग्राहकाला कळेपर्यंत, किंवा नीट चौकशी केल्यास कळू शकली असती तोपर्यंत, मुदत सुरूच होत नाही. तिथे प्रीमियमच्या ९५ टक्क्यांहून जास्त रक्कम कमिशन होती. याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. अन्याय्य नात्याचे हे कलम ६ एप्रिल २००८ पूर्वी पूर्ण फिटलेल्या कर्जाला लागू होत नाही. त्यामुळे जुन्या कागदांत सर्वात आधी पाहायची ती कर्ज फिटल्याची तारीख, आणि मग विम्याची ओळ.

तुझी,
सुमा

ता. क. परताव्यातल्या ८ टक्के व्याजावर बँक सहसा २० टक्के आयकर कापून घेते, मूळ परताव्यावर नाही. ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असते, त्याला तो कर एचएमआरसी या कर खात्याकडून परत मागता येतो. पैसे ज्या करवर्षात मिळाले, ते संपल्यापासून चार वर्षांच्या आत तो अर्ज करावा लागतो.