सफरी माणसाचा फोन

ज्या घरातला कमावता माणूस महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतो, त्या घराला फोन घेताना जाहिरातींचा फारसा उपयोग होत नाही. जाहिरात कॅमेऱ्याची असते, गेमची असते, चकचकीत रंगाची असते. रात्री दोन वाजता गाडी वाडी जंक्शनला उभी असताना घरी फोन लागेल का, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

आम्ही दोघे भाऊ सोलापुरी टॉवेलचा व्यापार करतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल उचलायचा आणि हैदराबाद, बेंगळुरू, हुबळी इथल्या ठोक दुकानदारांना पोहोचवायचा, हा आमचा धंदा. आमच्या आधी अब्बांनी तीस वर्षे हेच केले. त्यांच्याजवळ नमुन्यांची पिशवी, एक रोजमेळ आणि रेल्वेचे वेळापत्रक एवढेच सामान असे. खुशाली कळवायला ते एसटीडीचा बूथ शोधत. आज पिशवी सोडली तर बाकी सगळे फोनमध्ये गेले आहे. उधारीचा हिशेब त्यात, तिकीट त्यात, पैसे त्यात, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो त्यात. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते, त्याचा नंबरही ड्रायव्हरला फोनवरूनच जातो. फोन बंद पडला की माणूस एकाच वेळी मुका, आंधळा आणि कफल्लक होतो.

यंदा आमचे दोन्ही फोन एकदमच बदलायची वेळ आली. फोन चालत होते. पण त्यांतली अँड्रॉइडची आवृत्ती जुनी झाल्यामुळे बँकेचे अ‍ॅप उघडेना. घरात बैठक बसली. थोरल्याला मोठा पडदा हवा होता, धाकट्याला चांगला कॅमेरा. भाभींचे म्हणणे, बॅटरी टिकेल तो घ्या. अब्बा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “बेटा, किंमत नंतर सांगा. हा फोन हरवला तर कोणाकोणाचं काय जाईल, ते आधी सांगा.”

आम्ही मोजायला बसलो. चाळीसएक पार्ट्यांची उधारी, कारखानदारांचे देणे, बँकेची दोन खाती, अम्मींचे दवाखान्याचे कागद, घरातल्या बायकामुलांचे फोटो. यातले निम्म्याहून जास्त आमचे नव्हतेच. ती दुसऱ्यांची अमानत होती. त्या एका प्रश्नाने आमची यादी उलटी झाली. कॅमेरा खाली गेला आणि ज्या गोष्टी दुकानदार सांगतच नाही, त्या वर आल्या.

पहिली गोष्ट, फोन किती वर्षे सुरक्षित राहील. प्रत्येक कंपनी आपल्या फोनला काही वर्षेच सुरक्षेचे अपडेट देते. ते थांबले की फोन दिसायला धडधाकट असला तरी त्याच्या दाराची कडी निखळलेली असते. पूर्वी दोन-तीन वर्षांतच हे होई. आता चित्र बदलले आहे. 2024 मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस24 या महागड्या फोनला सात वर्षांचा शब्द दिला आणि त्याच वर्षी ए16 या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचा. म्हणून कोणताही फोन घेताना विचारावे : हा फोन बाजारात कधी आला आणि अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळतो तेव्हा त्याची दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.

दुसरी गोष्ट बॅटरी. साधारण 5,000 एमएएचची बॅटरी आता बहुतेक फोनांत असते. पण घरी दीड दिवस चालणारा फोन गाडीत दुपारीच मान टाकतो. कारण असे की सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरशी बोलायला जास्त ताकद लावतो आणि धावत्या गाडीत सतत नवा टॉवर शोधत राहतो. सोलापूर ते बेंगळुरू उद्यान एक्सप्रेसने जाताना वाडी, रायचूर, गुंतकल या पट्ट्यात हे आम्ही नेहमी पाहतो. त्यावर साधा उपाय आहे. गाडीत बसल्यावर सेटिंगमध्ये 5जी बंद करून 4जी ठेवावे. डब्यातल्या चार्जिंगवर भिस्त ठेवू नये. आगीच्या धोक्यामुळे रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याची अंमलबजावणी रेल्वेने 2021 मध्ये सुरू केली. म्हणजे रात्रीच्या प्रवासात नेमके झोपेच्या वेळी फोन लावून ठेवता येत नाही.

म्हणून पॉवर बँक लागतेच. 10,000 एमएएच लिहिलेले असले तरी वीज इकडून तिकडे जाताना बरीच वाया जाते. 5,000चा फोन त्यातून दीड वेळा भरला तरी खूप. पॉवर बँक आणि चार्जर यांवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. फुटपाथवरची बिननावाची पॉवर बँक उशाशी घेऊन झोपणे धोक्याचे आहे. विमानाने जायचे असेल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. सामानात टाकलेली चालत नाही.

तिसरी गोष्ट सिमची. बाहेरगावी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे हवीत. एकाचा टॉवर नसतो तिथे दुसऱ्याचा असतो. काही फोनांत दुसऱ्या सिमची जागा आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. एक घातले की दुसरे बाहेर. हे खोक्यावर बारीक अक्षरांत असते, वाचून घ्यावे. वायफाय कॉलिंगची सोयही तपासावी. हैदराबादच्या बेगम बाजारात जुन्या जाड भिंतींची गोदामे आहेत. आत गेले की सिग्नल जातो, पण दुकानदाराचे वायफाय असते. त्यावरून साधा फोन लागतो आणि अम्मींचा जीव टांगणीला लागत नाही.

आता ई-सिमही आले आहे. ते चोराला काढून फेकता येत नाही, हा त्याचा फायदा. पण फोन फुटला तर साधे सिम काढून कोणाच्याही फोनमध्ये घालता येते, ई-सिमचे तसे नाही. आम्ही बँकेशी जोडलेला नंबर साध्या सिमवरच ठेवला आणि त्या सिमला पिन लावला. हे फार थोडे लोक करतात. फोनला कुलूप असते. पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि बँकेचे ओटीपी तिकडे जाऊ लागतात. सिमला पिन असेल तर ते दुसऱ्या फोनमध्ये चालू होत नाही. मात्र पिन तीनदा चुकला की पीयूके क्रमांक लागतो, तो घरी लिहून ठेवावा.

धंद्याच्या तीन बारीकसारीक गोष्टी. आमच्या मालाची तंतुधूळ खिशात, पिशवीत, सगळीकडे असते. ती चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते आणि केबल अर्धवट लागते. पुष्कळ लोक फोन बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. खरे तर फोन बंद करून लाकडी काडीने अलगद कचरा काढला की काम होते. दुसरी गोष्ट ऊन. आयफोनची कंपनी स्वतःच सांगते की फोन 0 ते 35 अंशांच्या हवेत वापरावा. आमच्या सोलापूरचा पारा तर उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीत फोन ठेवणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य जाळणे. तिसरी गोष्ट रंग. बहुतेक फोनांचा पडदा रंग भडक करून दाखवतो. पार्टी फोटोतला डाळिंबी रंग पाहून ऑर्डर देते आणि माल उघडल्यावर म्हणते, हा तो रंग नाही. पडद्याच्या सेटिंगमध्ये ‘नॅचरल’ निवडावे आणि मालाचा फोटो ट्यूबलाइटखाली न काढता दिवसाच्या उजेडात काढावा. तरीही नमुन्यांची पिशवी आम्ही सोडलेली नाही. जुना दुकानदार टॉवेल बोटांत धरूनच त्याचे जीएसएम सांगतो; ते काम कोणताही टॅब्लेट करत नाही. म्हणून टॅब्लेट घ्यायचा विचार आम्ही सोडून दिला.

नमाजच्या वेळा गावागणिक बदलतात, त्या फोनमध्ये मिळतात, ही मोठी सोय. किब्ल्याच्या दिशेसाठी मात्र फोनमध्ये चुंबकीय होकायंत्राचा सेन्सर असावा लागतो. काही स्वस्त फोनांत तो नसतो आणि अ‍ॅपमधली सुई नुसतीच दिसते. सेन्सर असला तरी रेल्वेच्या डब्यात चहूबाजूंनी लोखंड असल्याने तो चुकतो. आपल्या भागातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

मग प्रश्न आला पैशांचा. प्रत्येकी वीस-बावीस हजार, म्हणजे दोन फोनांचे चाळीस-पंचेचाळीस. दुकानदार म्हणाला, “नो-कॉस्ट ईएमआय आहे, व्याज शून्य.” शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावले होते. अशा योजनेत बँक आपले व्याज लावतेच; विक्रेता तेवढी सवलत आधी देतो, म्हणून बेरीज जुळते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजाच्या रकमेवरचा 18 टक्के जीएसटीही ग्राहकाच्याच माथी येतो. नाव काहीही दिले तरी पावतीत व्याज लिहिलेले असते. आमच्या घरात व्याजाचा व्यवहार कधी झाला नाही. अब्बा म्हणाले, “एक फोन आज घ्या, दुसरा चार महिन्यांनी.” दरमहा गल्ल्यातून ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि दुसरा फोन रोखीने घेतला. दोन्ही एकाच मॉडेलचे घेतले, म्हणजे एक चार्जर दोघांना चालतो.

मधल्या चार महिन्यांत धाकट्याने ओळखीच्या माणसाचा जुना फोन वापरला. जुना फोन घेताना त्यावर *#06# दाबावे, पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम लिहून जागा सोडून तो क्रमांक 14422 वर एसएमएस केला की फोन काळ्या यादीत आहे का, ते कळते. चोरीचा फोन नकळतसुद्धा घरात येऊ नये.

नवा फोन सफरीला निघण्याच्या आदल्या दिवशी चालू करू नये, हेही सांगून ठेवतो. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा जोडावे लागते आणि पहिल्या चोवीस तासांत बहुधा पाच हजारांपर्यंतच रक्कम पाठवता येते. हमाल, हॉटेल, ट्रान्सपोर्ट या खर्चांत ती मर्यादा दुपारपर्यंतच संपते. आम्ही आठवडाभर आधी फोन सुरू केला. यूपीआयला धंद्याचे मुख्य खाते जोडलेच नाही. सफरीच्या खर्चापुरते वेगळे खाते जोडले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्या ओळखीचे एक व्यापारी दोन वर्षांपूर्वी बाहेरगावीच अल्लाहला प्यारे झाले. फोन घरी आला, पण त्याचा पिन कोणालाच ठाऊक नव्हता. सगळी उधारी त्यातच. ज्यांचे येणे होते ते गप्प राहिले, ज्यांचे देणे होते ते दारात आले. बिचाऱ्या बेवा भाभींना कोण खरे सांगतो आणि कोण खोटे, हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडे वारसांची वाटणी होण्याआधी मय्यतचे कर्ज फेडावे लागते आणि व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. पण लिहिलेले जर कुलपात राहिले, तर ते न लिहिल्यासारखेच.

म्हणून आम्ही नवा फोन घेताना घरातली व्यवस्थाही बदलली. दोघांच्या फोनचे पिन बंद पाकिटात भाभींच्या कपाटात आहेत. तिथेच फोनची बिले, आयएमईआय आणि पीयूके क्रमांक आहेत. फोन चोरीला गेला तर त्यांनी काय करायचे, तो क्रम त्याच पाकिटावर लिहिला आहे : आधी बँकेला फोन, मग सिम बंद, पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार, मग पोलिसांत नोंद करून 2023 मध्ये देशभर सुरू झालेल्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय बंद करणे. हिशेब रोज रात्री आपोआप घरच्या संगणकावर उतरतो. आणि दर महिन्याच्या शेवटी उधारीची एक छापील यादी काढून अब्बांच्या हाती द्यायची, असे ठरले आहे.

अब्बांनी त्या यादीसाठी बाजारातून नवा रोजमेळ आणला. छापील कागद त्यात चिकटवतात आणि पार्टीच्या नावापुढे स्वतःच्या हाताने खूण करतात. मागच्या महिन्यात हुबळीच्या एका दुकानदाराचे साडेतीनशे रुपये आमच्याकडे जास्त आले होते, ते त्यांच्याच नजरेला पडले. त्याच दिवशी परत पाठवले.