टेंडर हरलो, पण चुकलो कुठं?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या पंचतारांकित एमआयडीसीत माझं छोटं ऑफिस आहे. कारखान्यांना नर्स, ड्रेसर, वॉर्डबॉय पुरवतो. कायद्याप्रमाणे पाचशेपेक्षा जास्त कामगार असले की अँब्युलन्स रूम आणि तिथं प्रशिक्षित माणूस ठेवावाच लागतो. फाउंड्रीत हात भाजला, यंत्रात बोट अडकलं, की डॉक्टर यायच्या आधी आमची सिस्टरच धावते. बारा वर्षं हेच काम करतोय.

गेल्या दिवाळीनंतर एका सरकारी रुग्णालयाचं टेंडर निघालं. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका रुग्णालयाचा नाही. चाळीस नर्स पुरवायच्या होत्या. अट होती, 'आरोग्यसेवेत परिचारिका पुरवल्याचा तीन वर्षांचा अनुभव.' मला वाटलं, हे तर आपल्यासाठीच आहे. सीएचं प्रमाणपत्र, पीएफची चलनं, लायसन, सगळं स्कॅन केलं. शेवटच्या रात्री महाटेंडरवर अपलोड होता होता डोंगलनं दगा दिला, तरी पहाटे तीनला जमलं एकदाचं.

निकाल आला तेव्हा माझा आर्थिक लिफाफा उघडलाच नव्हता. शेरा एकच : 'अनुभव अमान्य.'

इथं माझी चूक पहिल्यांदा सांगतो. प्री-बिड मीटिंगला मी गेलो नव्हतो. त्या दिवशी एका कारखान्यात बिलासाठी बसून होतो. 'कारखान्यातली अँब्युलन्स रूम आरोग्यसेवेत धरणार का?' एवढा एक प्रश्न लेखी विचारला असता, तर उत्तरही लेखी मिळालं असतं. नाही विचारला.

पण गोष्ट इथं संपत नाही. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. त्रयस्थ पक्षाला नोटीस, मग स्मरणपत्र, मग अपील, असं करत तीन महिन्यांवर गेलं. कागद हातात आले तर काय? ज्यांना काम मिळालं, त्यांच्या अनुभवाच्या जागी रुग्णालयात सफाई कामगार पुरवल्याचं प्रमाणपत्र. म्हणजे माझ्या नर्स कारखान्यातल्या म्हणून चालल्या नाहीत, आणि त्यांचे झाडूवाले रुग्णालयातले म्हणून नर्सच्या अनुभवात बसले!

कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय. एरवी माझ्यासारख्यानं मुंबईचा विचारही केला नसता. भाऊसिंगजी रोडवर सीपीआरच्या समोरच. एका बाजूला दवाखाना, एका बाजूला हायकोर्ट. आता न्याय हातावर आहे, असंच वाटलं बघा.

वकीलसाहेबांनी कागद वाचले आणि १९७९ सालची एक केस सांगितली. रमणा शेट्टी विरुद्ध विमानतळ प्राधिकरण. मुंबई विमानतळावर रेस्टॉरंट आणि स्नॅक बार चालवायचं टेंडर होतं. अट अशी, की नोंदणीकृत हॉटेलवाला आणि पाच वर्षांचा अनुभव पाहिजे. काम दिलं ते अटीत न बसणाऱ्या कँटीनवाल्याला. सुप्रीम कोर्टानं बजावलं, की सरकारनं स्वतः घातलेली अट स्वतःलाही बांधते, वाटेल तेव्हा सैल करता येत नाही. आजही टेंडरच्या भांडणात हा निकाल पुढं येतोच.

मी खूश. म्हटलं, "मग आपलं जिंकलंच की साहेब."

ते म्हणाले, "पुढचं ऐका. त्या केसमध्ये याचिका करणाऱ्याला काहीच मिळालं नाही. पाच महिने उशिरा आला, तोवर समोरच्यानं पैसा घालून काम सुरू केलं होतं. तुम्हाला किती झाले?"

बोटं मोजली. पाचवा महिना चालू होता.

आणि १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्टाची भूमिका ठरलेली आहे. निर्णय कसा घेतला ते कोर्ट तपासतं, कुणाला द्यायला हवं होतं ते सहसा ठरवत नाही. म्हणजे जिंकलो असतो तरी फार तर फेरनिविदा. मी याचिका केली नाही. खात्याला निवेदन दिलं, दोन ओळींचं उत्तर आलं.

आता आकडे बघा, म्हणजे लहान माणूस या धंद्यात का टिकत नाही ते कळेल. एका नर्सचा पगार १५,००० धरा. मालकाचा पीएफ सगळा मिळून १३ टक्के म्हणजे १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे साधारण ४८८. चाळीस जणींचे महिन्याला जवळपास सात लाख होतात. सेवाशुल्क ३.८५ टक्के मिळालं तर हातात येतात पावणेसत्तावीस हजार. बिल तीन महिने अडकलं तर एकवीस लाख माझे गुंतले. बारा टक्क्यांनी त्याचं व्याजच महिन्याला २१,०००. उरलं काय? लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण पुढच्या टेंडरला ज्याच्या दारात उभं राहायचंय त्याच्यावर तक्रार कोण करणार?

मग कोण टिकतं? ज्याच्याकडं भांडवल आहे तो. किंवा जो नर्सच्या पगारातून कापतो तो.

६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवतोय? राज्यभरच्या सरकारी कंत्राटी भरतीसाठी नऊ एजन्सी ठरल्या होत्या. पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. चांगलंच झालं. पण नऊच का, तालुक्यातल्या लहान एजन्सीनं जायचं कुठं, हे तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हे सगळं एकदा आमच्या जुन्या सिस्टरना सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही जिंकला असता तर आम्ही कायम झालो असतो का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं उत्तर 'नाही' हेच होतं. फक्त पगार वेळेवर आणि पूर्ण मिळाला असता, एवढं छातीवर हात ठेवून सांगू शकलो असतो. त्यांच्याबरोबरच्या दोघी पुण्याला निघून गेल्या.

कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कर्नाटकात टेंडरसाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, निर्णयाविरुद्ध अपील करायची सोय त्यातच आहे. अमेरिकेत अशा तक्रारीचा निकाल १०० दिवसांत द्यावा लागतो आणि वेळेत तक्रार केली तर काम बहुधा तोवर थांबतं. आपल्याकडं टेंडरवाल्यानं एक तर त्याच खात्याकडं निवेदन द्यायचं, नाही तर थेट हायकोर्ट. मधली पायरीच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तांत्रिक छाननीचा तक्ता कारणांसह त्याच दिवशी पोर्टलवर टाका. वर्क ऑर्डर देण्याआधी पंधरा दिवस हरकतीसाठी ठेवा, आणि हरकत ऐकणारा अधिकारी दुसऱ्या खात्याचा असू द्या.

आणि आपल्याला काय करता येईल? गेल्या महिन्यात इथल्या तिघा लहान एजन्सीवाल्यांनी एकत्र बसून दुसऱ्या एका टेंडरला पाच लेखी प्रश्न पाठवले. दोन मान्य झाले, शुद्धिपत्रक निघालं. कारखान्यातला अनुभव आता चालणार आहे. काम मिळेल न मिळेल, पण लिफाफा तरी उघडला जाईल.

ज्यांना असा अनुभव आलाय त्यांनी कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव नको, फक्त अट काय होती आणि शेरा काय आला ते लिहा. आणि प्री-बिडची तारीख चुकवू नका. मी चुकवली, त्याची किंमत चाळीस जणींनी मोजली.