लांगा : पाहणारा कोण, दाखवणारा कोण?

१/
आजचा धागा एका वस्तीविषयी आणि तिथे माझ्या हातून घडलेल्या एका आगळिकीविषयी. केप टाउनच्या विमानतळावरून शहराकडे जाताना महामार्गालगत लांगा लागते. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीयांसाठी शहरांच्या कडेला आखून दिलेल्या वसाहतींना दक्षिण आफ्रिकेत ‘टाउनशिप’ म्हणतात. लांगा ही त्यांतील जुन्या वसाहतींपैकी एक.

२/
तिथल्याच रहिवासी असलेल्या मार्गदर्शक बाईंसोबत आम्ही पाच-सहाजण पायी निघालो होतो. जुन्या बराकींपाशी एका खिडकीत एक वृद्ध गृहस्थ बसलेले दिसले. ऊन तिरपे पडले होते. मी कॅमेरा उचलला. बाईंनी भिंगासमोर तळहात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, “आधी विचारा.” मला राग आला. सहलीचे पैसे मोजले होते ना! तो राग तासाभरात ओसरला. का, ते सांगतो.

३/
या कथेच्या मुळाशी प्लेग आहे. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ साली पुण्यात थैमान घालणारी जागतिक साथ १९०१ मध्ये केप टाउनला पोहोचली. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते, हे आपण जाणतोच. केप टाउनमध्ये रोगाचे खापर कृष्णवर्णीयांवर फुटले. सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली हजारोंना शहराबाहेर न्दाबेनी येथे हलवण्यात आले. पुढे तिथूनही त्यांना उठवले गेले. १९२३ च्या कायद्याने शहरांतील वस्त्यांची वर्णानुसार विभागणी पक्की केली आणि १९२७ मध्ये लांगा उभी राहिली.

४/
खोसा भाषेत ‘लांगा’ म्हणजे सूर्य. या नावामागे राजा लांगालिबालेले यांची स्मृती आहे. बंदुकांच्या नोंदणीवरून १८७३ मध्ये त्यांचा ब्रिटिश सत्तेशी संघर्ष झाला आणि त्यांना रॉबेन बेटावर कैदेत ठेवले गेले. नेल्सन मंडेला त्याच बेटावर पोहोचले ते जवळजवळ नव्वद वर्षांनी.

५/
शहराला मजूर हवे होते, त्यांची कुटुंबे नकोत. म्हणून इथे एकट्या पुरुषांसाठी बराकी बांधल्या गेल्या. बायकामुले दूर गावी राहिली. जमीन सरकारी, घर सरकारी. भिंतीवर खिळा ठोकायचा तोही परक्याच्या भिंतीत.

६/
त्याहून जाचक होते ‘पासबुक’. १९५२ च्या कायद्यानुसार १६ वर्षांवरील कृष्णवर्णीय पुरुषाला, आणि पुढे स्त्रियांनाही, ते सतत जवळ बाळगावे लागे. छायाचित्र, मालकाची सही, सारे त्यात. परवाना नसेल तर शहरात ७२ तासांपेक्षा अधिक राहणे गुन्हा. लोक त्याला ‘डोम्पास’ म्हणत. आफ्रिकान्स भाषेत ‘मूर्ख पास’.

७/
लांगातील जुने पास-कचेरी आणि न्यायालय आता संग्रहालय झाले आहे. तिथे बाई थांबल्या. म्हणाल्या, “माझ्या आजोबांना रस्त्यात कोणीही शिपाई थांबवी. ‘दाखव’ म्हटले की दाखवायचे. त्यांना कधी कोणी ‘पाहू का?’ असे विचारले नाही.” माझा कॅमेरा एव्हाना पिशवीत गेला होता.

८/
२१ मार्च १९६० रोजी पास घरी ठेवून स्वतःहून अटक करवून घेण्याची मोहीम सुरू झाली. शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण मारले गेले. त्याच दिवशी लांगातही गोळ्या झाडल्या गेल्या. ३० मार्चला २३ वर्षांचा विद्यार्थी फिलिप क्गोसाना अर्धी चड्डी घालून सुमारे ३०,००० लोकांच्या अग्रभागी शहरात चालत गेला. मंत्र्यांची भेट घडवू, असे आश्वासन मिळताच त्याने जमावाला शांतपणे माघारी नेले. संध्याकाळी भेटीसाठी तो परतला, तेव्हा त्याला अटक झाली. पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ उजाडले. २०१७ मध्ये शहरातील एका प्रमुख रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले.

९/
तिथून आम्ही ‘गुगा स्तेबे’ या कलाकेंद्रात गेलो. नावाचा अर्थ जुने, वापरून झिजलेले ताट. सर्वांनी मिळून ज्यात जेवावे असे. भिंतींवर रंगीत फरश्यांच्या तुकड्यांची नक्षी, आत कुंभारकाम, मणिकाम आणि ढोल. बाहेर घरांच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे. ज्यांना भिंतीची मालकी नाकारली गेली, त्यांची नातवंडे आता त्याच भिंतींवर काय दाखवायचे ते स्वतः ठरवतात.

१०/
क्रिकेटप्रेमींसाठी : टेंबा बावुमा लांगाचाच. लहानपणी ही मुले रस्त्यावर खेळत. चेंडू वेडावाकडा उसळे त्या बाजूला त्यांनी ‘कराची’ नाव दिले होते, आणि स्वच्छ, नेटक्या बाजूला ‘लॉर्ड्स’. २०२५ मध्ये खऱ्या लॉर्ड्सवर त्याने कसोटी विश्वविजेतेपदाची गदा उंचावली.

११/
परतताना पुन्हा त्या बराकीपाशी आलो. वृद्ध गृहस्थ अजून तिथेच होते. बाईंच्या मार्फत मी विचारले, “छायाचित्र घेऊ का?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, हसले आणि मान हलवून नकार दिला. मग हात वर करून निरोपही दिला.

म्हणून या धाग्यात त्या खिडकीचे छायाचित्र नाही.