घरातली सायकल आणि आवणीचा चिखल

भर पावसात डहाणू-बोर्डी रस्त्यावर सायकल काढायची माझी तयारी नव्हती, म्हणून मागच्या चाकाखाली ट्रेनर, म्हणजे चाक जागच्या जागी फिरू देणारा स्टँड, लावून खोलीतच पॅडल मारायला लागलो. पहिल्या आठवड्यातच चक्रावलो. बाहेर नरपड-चिखलेमार्गे घोलवडपर्यंत गप्पा मारत जायचो. इथे तेवढाच जोर लावला तरी नाडी केवढी वर!

तलासरीची माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, "मामा, आधी समोर पंखा लाव." बाहेर वाऱ्याने घाम वाळतो. आपल्या दमट हवेत, बंद खोलीत तो नुसता गळतो, अंग तापतं, ते थंड करायला रक्त त्वचेकडे धावतं आणि हृदयाचं काम वाढतं. शिवाय ट्रेनरवर ना उतार, ना रेल्वेचं फाटक. पायांना उसंत म्हणून नाहीच.

ही उसंत आपणच द्यायची असते, हे पचायला मला सर्वांत जड गेलं. वेळापत्रकात व्यायामाइतक्याच ठळकपणे 'विश्रांती' का लिहितात? कारण जोराच्या व्यायामात स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधनाचा, साठा उतरतो, तो भरायला कधी कधी अख्खा दिवस लागतो, आणि झिजलेल्या स्नायूची डागडुजीही तेव्हाच होते. ताकद वाढते ती या काळात.

मग भाताच्या आवणीला तलासरीला गेलो. पाय तयार आहेत, अशी खात्री होती. पण चिखलात वाकून रोपं लावताना मांडीमागच्या शिरा ताणल्या, कंबर धरली. शेजारी बायका दिवसभर वाकून लावत होत्या; त्यांचं काम किती कठीण आहे, हे मला त्या दिवशी अंगाने कळलं. सायकलवर गुडघा कधी पूर्ण सरळ होत नाही, कंबर एकाच कोनात अडकते, आणि वजन सीटवर असल्याने हाडांवर भार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम का सांगितलेत, ते तिथे उमगलं.

आता ओहोटीला नरपडच्या वाळूत चालतो, घरी उठाबशा काढतो. पाऊस सरला की विवळवेढ्याचा महालक्ष्मी गड चढायचाय.

एक कोडं मात्र रोज पडतं: आज खरंच थकलोय की नुसता कंटाळा? भाची सांगते, "उठण्याआधी नाडी मोज. नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल तर सायकलला हात लावू नकोस. नसेल तर दहा मिनिटं हलकं चालव. पाय मोकळे झाले तर पुढे जा, नाही तर उतर."